पाठ पुसलेले दगड

उलटा करून बघू नका हो! ठेवा, ठेवा तसाच... मागं काही नाहीये. होतं. आता नाहीये. जो येतो तो हेच करतो! गाडी पंक्चर झाली, चाक बदलेपर्यंत वेळ कसा काढायचा, म्हणून माझ्या टपरीत शिरायचं, दगड उचलायचा आणि पहिलं काम काय? तर उलटा करायचा! समोरून बघा ना. कसा वळत गेलाय बघा, गोगलगायीसारखा. हे सगळं वाळवंट समुद्राखाली होतं तेव्हाचा प्राणी आहे तो, दगड झालेला. खरा आहे. पाटी वाचलीत का? 'येथे खोटे दगड मिळत नाहीत.' मी स्वतः रंगवली. त्या पाटीनं काय झालं सांगू? समोरच्या हद्दूकडची गर्दी वाढली! हद्दू राळ ओतून दगडातले किडे बनवतो, वर शिंगं लावतो, परवा तर एकाला चौदा पाय काढले, आणि लोक म्हणतात, बघा, याच्याकडचे किती रेखीव!

तर हे दगड माझे नाहीत, माझ्या बाबांचे. इथं अल्निफच्या कुठल्याही डोंगरात जाऊन त्यांचं नाव घ्या, बास्सू म्हणा, चार माणसं वळून बघतील. चाळीस वर्षं खणलं त्यांनी. दुर्मिळ सापडलं की विकायचं, त्यावर आमचं घर चाललं, माझं कॉलेज झालं. आणि जे साधं, जे कुणी फुकटसुद्धा घेत नाही, ते घरी आणायचं! मुठीएवढे, एकासारखा एक... किती असतील? चार हजार आठशे! एका खोलीत! जमिनीपासून छतापर्यंत! आई म्हणायची, ‘अहो, माणसं कुठं राहायची?’ मी म्हणायचो, बाबा, विकून टाका ना एकदाचे. तर ते पुदिन्याच्या चहाचा घोट घ्यायचे, खोकायचे, आणि म्हणायचे, ‘दगडाला कसली घाई?’

दगडाला नव्हती हो, मला होती! माझं तूदाशी ठरलं होतं. तिचे वडील मोहाकाका, ट्रक चालवतात, एक दिवस आले, खोलीचं दार उघडलं, आणि तिथंच उभे राहिले. मला म्हणाले, ‘आद्दी, मुलगा चांगला आहेस. मुलगी द्यायला माझी ना नाही. पण ती झोपणार कुठं? समुद्राच्या तळाशी?’ आणि जाता जाता, ‘खजूर उतरायच्या आत खोली रिकामी कर. दुसरंही एक स्थळ आलंय, टायरवाल्याचं. त्याच्या दोन खोल्या आहेत. रिकाम्या.’

मग मी काय केलं? कुणीही शहाण्यानं अर्फूदच्या हाजीला बोलावलं असतं. तो दगडाची बेसिनं करतो. आला होताच आपण होऊन. म्हणाला, ‘सगळे उचलतो. फोडून सिमेंटमध्ये घातले की संडासाच्या भिंतीला झकास दिसतात.’ संडास! मी भूशास्त्राचा पदवीधर! मी म्हटलं, हाजीसाहेब, हा आमच्या मातीचा इतिहास आहे, तो संडासात जाणार नाही! हाजी शांतपणे म्हणाला, ‘बाळ, कुठंतरी जाऊ दे त्याला. तुझ्या खोलीतून तर जाऊ दे.’ घालवून दिला मी त्याला. भाषण करून घालवून दिला! चांगलं वीस मिनिटांचं!

आणि अकरा संग्रहालयांना पत्रं लिहिली. दहांनी उत्तरच दिलं नाही. अकराव्याचं आलं, हॉलंडच्या एका बाईंचं. त्यांनी लिहिलं, साधे आहेत म्हणूनच हवेत. एकाच जातीचे इतके, खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत, म्हणजे तो प्राणी कसा बदलत गेला ते दिसेल. सगळे घेऊ. कपाटावर तुमच्या वडिलांचं नाव लावू. तीनदा वाचलं हो मी ते! खाली एक ओळ होती, ‘फक्त प्रत्येक दगड कुठल्या डोंगराचा, कुठल्या थराचा, हे माहीत हवं.’ मी बाबांना विचारलं. म्हणाले, ‘सांगतो की. प्रत्येकाचं सांगतो.’ बस! कसं सांगणार, कशावरून सांगणार, विचारलं मी? नाही! पाच वर्षं दगड शिकून आलेला माणूस, तो बापाला काय विचारणार?

बाई यायच्या दोन दिवस आधी बाबा आत्याकडं रिसानीला गेले. मी खोली उघडली. धूळ! चाळीस वर्षांची! आणि गिऱ्हाईक यायच्या आधी दगड धुवायचा ही आमच्या धंद्यातली पहिली रीत, शेंबडं पोरही सांगेल. मी पाण्याचा टँकर मागवला. आई ओरडली, ‘प्यायला पाणी मोजून देतोस आणि दगडांना अंघोळ?’ तरी चूल पेटवली बिचारीनं. गरम पाणी, सोडा, तारेचे ब्रश. तूदा आली, एकटी कशी येणार, म्हणून तिच्या तीन मावश्या आल्या. दोन दिवस आम्ही घासतोय! गाणी काय, हसणं काय... तुम्हाला सांगतो, आयुष्यातले सगळ्यात चांगले दोन दिवस.

तूदानं एकदा विचारलं, ‘यांच्या पाठीवर हे रंगाचे टिपके कसले रे?’

मी म्हटलं, बाबांनी दार रंगवलं असेल, उडाले असतील. घास.

तिनं घासलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या आणि मागोमाग बाबाही उतरले. अंगणात चार हजार आठशे दगड, उन्हात लखलखतायत! बाई म्हणाल्या, वा! मी फुगलो. बाबा अंगणाच्या कडेलाच थांबले, मला वाटलं भरून आलं असेल. बाईंनी एक दगड उचलून त्यांच्या हातात दिला, हा कुठला? बाबांनी तो उलटा केला. बघितलं. अंगठ्यानं पुसलं. पुन्हा बघितलं. दुसरा उचलला, उलटा केला. तिसरा. मग मला म्हणाले, अगदी हळू, ‘आद्दी, याच्यावर निळा होता का रे?’

बाबांना लिहिता येत नाही हो! लाल म्हणजे झाऊच्या झाडाचा डोंगर, निळा म्हणजे विहिरीमागचा, पांढरा म्हणजे बकरी पडली तो कडा. एक टिपका खालचा थर, दोन मधला, तीन वरचा. चाळीस वर्षं, रोज संध्याकाळी, तिथं डोंगरातच बसून, काडीनं! सगळी वही होती ती, दगडांच्या पाठीवर लिहिलेली, आणि मी सोड्यानं धुतली! मागून तूदा काय म्हणाली? ‘दार रंगवताना बरोब्बर तीन-तीन टिपके उडाले?’

ओरडले असते तर बरं झालं असतं. नाही ओरडले. खाली बसले. एकेक दगड हातात तोलला, जीभ लावून बघितली. एकाला म्हणाले, ‘हा पांढऱ्याचा. वरचा. बहुतेक.’ मी बाईंना सांगायला तोंड उघडलं, तर माझा हात धरला. ‘बहुतेकचं सांगू नकोस, पोरा. खात्रीचं तेवढंच सांग.’

खात्रीचे निघाले एकोणीस. कुणाला टवका होता, कुणावर खणताना कुदळ लागली होती, ते आठवले. बाईंनी एकोणीस घेतले, कागदात गुंडाळून. बाबांचं नाव नीट विचारून लिहून घेतलं. डोळे पुसत गेल्या. उरलेले? उरलेले नुसते दगड. हाजी पुन्हा आला होता, म्हणाला, ‘आता तर इतिहासही राहिला नाही, आता संडासाला काय हरकत आहे?’ बोलणं बरोबर होतं त्याचं. पण बाबा ओट्यावर बसून एकेक दगड हातात घेत होते, अजून काही आठवतंय का बघत होते. त्यांच्यासमोर ट्रक कसा भरू? सांगा ना, कसा भरू?

खजूर उतरले. मोहाकाका आले. खोलीत वाकून बघितलं. एकोणीस तिकडं गेलेले, सहा मी इथं विकलेले, तेवढी एक फट पडलीय. म्हणाले, ‘भिंत दिसायला लागली की! या वेगानं किती वर्षं?’ आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी, घाईनं वाटोळं केलेला माणूस, माझ्या तोंडून निघालं, ‘काका, दगडाला कसली घाई?’

त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. म्हणाले, ‘दगडाला नाही रे. टायरवाल्याला आहे.’

गुरुवारी लग्न आहे. आम्हाला आमंत्रण आहे. तूदानं निरोप पाठवलाय, आहेर म्हणून एक दगड आण, न धुतलेला सापडला तर. तीन दिवस शोधतोय. नाही सापडत. इतकं मन लावून धुतलं होतं आम्ही दोघांनी.

हो, तोच तो टायरवाला. बाहेर तुमचं चाक बदलतोय ना, तोच. माणूस वाईट नाही. हात बघा काय चालतो त्याचा... बघा, झालंसुद्धा! हॉर्न वाजवतायत, जा, जा, उगाच तुमची गाडी चुकायची. हा? घेत नाही म्हणता? राहू द्या. ठेवा तिथंच, सुलटा. त्याला कसली घाई?