शेपटीमागचा कॅमेरा

विमान चालवण्याची परीक्षा घेणाऱ्या साहेबांनो, आतल्या संगणकावरच्या नकली विमानाचा कॅमेरा वैमानिकाच्या खुर्चीतूनच चालेल, असा कागद तुम्ही आज दारावर चिकटवलात. पोरांना आधी सांगायला तुमची जीभ झिजणार होती का? माझ्या शेजारच्या बाकावरच्या मायलेकींनी तो वाचला, आणि तिथूनच सुरू झालं.

"आई, मी मेले. महिनाभर घरी संगणकावर कॅमेरा शेपटीमागे ठेवून विमान उतरवलंय."

"मग आता पुढे ठेव. विमान तेच ना?"

"पुढून मला चाकं कुठे टेकतात तेच कळत नाही."

"मग मागे ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

"तू! खुर्चीतून नुसती वेग-उंचीची घड्याळं दिसतात, विमान दाखव म्हणालीस."

"अगं, मी भाजी निवडता निवडता बघणार. घड्याळं काय बघायची?"

"आणि उतरताना 'डावीकडे घे, पंख घासेल' असं कोण ओरडायचं?"

"घासला का एकदा तरी?"

"नाही."

"मग!"

"आता आत कोण ओरडणार?"

एवढ्यात दार उघडून तुमच्यातल्याच एका साहेबांनी लेकीचा नंबर पुकारला. हातातली पिशवी लेकीच्या मांडीवर टाकून आईच उठली.

"साहेब, एक तर कॅमेरा मागे घ्या, नाहीतर मला आत घ्या. आम्ही दोघी मिळून शिकलोय."

"बाई, खऱ्या विमानाला मागे डोळे नसतात."

"हेच महिन्यापूर्वी का नाही सांगितलंत? आधी उत्तर द्या, मग पोरगी आत येईल."