नुसती बोटं
दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी बँडवाले दोघं येऊन बसले, एक म्हातारा, एक तरणा. म्हाताऱ्याचा लाल कोट खांद्यात चांगला चार बोटं सैल झालेला बाईंच्या नजरेतून सुटला नाही.

"काका, पुन्हा तोच कोरोना?" तरण्याने विचारलं.

"चौथ्यांदा. पण बोलायची सोय नाही. निर्बंध उठले तसा आजारही गेला, असं ठरलंय सगळ्यांचं."

"मग वाजवता कसं?"

"वाजवतो कुठे? क्लॅरिनेट ओठांना लावतो आणि नुसती बोटं फिरवतो. फुंकायला छातीत दम नको?"

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

"आणि बँडमास्तरांच्या लक्षात नाही आलं?"

"त्याचीच धास्ती होती रे. काल तू नव्हतास, सगळ्यांसमोर पाठ थोपटली त्यांनी. म्हणाले, हल्ली तुमचा एक सूर चुकत नाही."