सारिकाला ॲनिमे दाखवायचं म्हणजे

कुणाला ॲनिमे, म्हणजे ती जपानी कार्टून सिरीज, बघायला सांगायचं असेल ना, तर आधी तो माणूस काम काय करतो ते विचारा! आमची नवागामची सारिका माहितेय ना, कॉम्प्युटरवर साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं बनवते ती? आमच्या गल्लीत ॲनिमेवर बोलायला मला एक माणूस नाही, म्हणून मी तिच्या मागे लागले. आधी तलवारबाजीची सिरीज दिली. त्यात हिरोचा भाऊ मरतो, मला जेवण गेलं नव्हतं यार! तिला विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणे, "त्या भावाच्या किमोनोची बॉर्डर काय सरस आहे गं! जॉर्जेटवर उठून दिसेल."

मग भुताची दिली. "घाबरलीस का?"

"हो ना, तसला लाल रंग कापडावर उतरतच नाही."

व्हॉलीबॉलची दिली, तर पहिल्याच भागात बंद! "सगळ्यांना एकच जर्सी. बघायचं काय त्यात?"

माझं डोकंच फिरलं. सगळ्यात रडवणारी लव्हस्टोरी दिली आणि सांगितलं, "यातपण नाही रडलीस तर तुझी-माझी कट्टी."

काल तिचा फोन आला, हुंदके देत! मी तर उड्याच मारल्या. "रडलीस ना? शेवटी ती मरते तेव्हा ना?"

"मरते ते ठीक आहे गं," ती नाक ओढत म्हणाली, "पण मरेपर्यंत हॉस्पिटलचा तो एकच प्लेन गाऊन! एखादी बुट्टी तरी टाकायची ना बिचारीला!"