मोंबासाचा मासा

गोंदियाच्या तिकीटखिडकीपुढे खेमराज रांगेत उभा होता. पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या पायाशी ओल्या पोत्यानं झाकलेलं घंगाळ होतं. त्यात काहीतरी उसळलं आणि खेमराजचं धोतर भिजलं.

"मासा होय, भाऊ," म्हातारा म्हणाला. "आफ्रिकेत मोंबासाले रेल्वेच्या कामावर होतो. येताना बाटलीत आनला, बोटाएवढा. आता हातभर झाला."

"अंगनातल्या टाक्यात वळता येत नाही त्याले," म्हातारी म्हणाली. "मीच म्हटलं, नागपूरच्या बागेत देऊन या. तिथं मोठा हौद आहे."

"मंग आता काऊन रडून राहिली, रामबाई?"

"कोन रडून राहिलं? बागवाल्याले सांगजा, तो हाकेनं वर येत नाही. काठावर बांगड्या वाजवा लागतात."

"बागवाला बांगड्या कुठून आनन?"

"ह्या घ्या माझ्या दोन."

"खुळी का? सवाशिनीनं हात मोकळा करू नये."

"मोकळा कायले? बाकीच्या आहेत ना! धरा ह्या. आन नव्या जागी तो खानार नाही. जवळ बसा लागते."

"किती वेळ?"

"तो खाईपर्यंत. मी बसत होती तसं."

खिडकीतून बाबूनं विचारलं, "कहाँ जाना है?"

"नागपूर. एक टिकट."

म्हाताऱ्यानं हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं आणि त्या रामबाईला परत दिल्या.

"बाबूजी, एक नहीं. दो दीजिए."

"अवं, घराले कुलूप नाही लावलं मी!"

"राहू दे उघडं. चल."

रामबाईनं पदर खोचला आणि घंगाळाची दुसरी कडी धरली.