डिझेलच्या डबड्यातलं पाणी

तुम्हीच मला सांगा, दुष्काळात टँकर दारात उभा असताना घरातलं एखादं भांडं रिकामं ठेवणारी बाई तुम्ही कुठं बघितलीय का? नाही ना? मग माझंच काय एवढं चुकलं... सगळ्या गल्लीनं केलं तेच मी केलं. हंडे भरले, घागरी भरल्या, कुकर भरला, पोळ्यांचा डबा भरला, पोळ्या परातीत काढून ठेवल्या आणि मग परात रिकामी नाही याचं वाईट वाटलं, आणि भरता भरता एक निळं प्लॅस्टिकचं डबडं हाताशी आलं, तेही भरलं. पाच लिटरचं. आता ते डिझेलचं डबडं आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण रिकामं होतं हो, आणि टँकरवाला नळी गुंडाळायला लागला होता, पुन्हा येणार आठ दिवसांनी. म्हटलं, प्यायला नको, अंगण सारवायला होईल. भरलं, झाकण लावलं, आणि जिथं त्याची जागा असते तिथं, पायरीवर, नेऊन ठेवलं. दुसऱ्या निळ्या डबड्याशेजारी. त्या दुसऱ्यात डिझेल होतं.

झालं, एवढंच. बाईमाणसानं वस्तू जागच्या जागी ठेवली.

आमचे हे म्हणजे आमच्या गावच्या दूध सोसायटीचे सचिव. नाव मी घेत नाही, गाव त्यांना सुंदरराव म्हणतं. पावसानं दगा दिला, चारा संपला, गावाचं दूध निम्म्यावर आलं, तेव्हा तालुक्याच्या दूध संघाच्या टेम्पोवाल्यानं सांगून टाकलं की एवढ्याशा दुधासाठी मी एवढ्या लांब येत नाही, तुमचं तुम्ही वडवणीच्या केंद्रावर आणून घाला. तर ह्यांनी काय करावं? तेलगावच्या एका माणसाकडून जुनी डिझेलची कार आणली. माझ्या लग्नाच्या वेळची असेल, आणि तब्येत माझ्यापेक्षा वाईट. तिचं मागचं सीट काढलं, तिथं संघाचे चार मोठे कॅन बसवले, आणि आमच्या घरच्या दुधाची किटली पुढच्या सीटवर, ह्यांच्या शेजारी. म्हणजे बघा, जिथं बायको बसायची तिथं किटली. त्याबद्दलही मी काही बोलले नाही.

आणि गाडीला काहीही होवो, मेकॅनिककडं न्यायची नाही. ह्यांचं म्हणणं असं की, माणसानं जोडलेलं माणसाला खोलता येतं. येतं ना, खोलता येतं, कोण नाही म्हणतंय... लावल्यावर दोन नट उरतात त्याचं काय? लोणच्याची एक बरणी अशा उरलेल्या नटांनी अर्धी भरलीय माझ्याकडं. गाडी तरीही चालते. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी वीज नव्हती, उजाडायचं होतं, ह्यांनी पायरीवरचं हाताला लागलं ते डबडं उचललं, गाडीत ओतलं आणि गेले. देवीच्या देवळापर्यंत गेले. तिथं गाडीनं दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि बसली. चार माणसांनी ढकलत घरी आणली, कॅनमध्ये गावाचं दूध हिंदकळतंय, आणि मी दारात उभी. मी म्हटलं, तेवढ्यात अंगण सारवून घ्यावं, म्हणून पायरीवरचं डबडं उघडलं... आणि भपकन डिझेलचा वास. बाजूला दुसरं डबडं, रिकामं, पालथं.

म्हणजे डिझेल इथं आहे. मग पाणी कुठं आहे?

डबड्याचं झाकण घट्ट लावलं. तिथंच बसले पायरीवर. हे म्हणाले, काय गं, चक्कर आली का? आणि मी काही बोलले नाही.

का नाही बोललीस, असं तुम्ही म्हणाल. अहो, बोलणार कुणासमोर? गाडीचं बॉनेट उघडलं की आमच्या गावात शाळा सुटल्यासारखी माणसं जमतात. धुळाजी तर पहिला. मेंढरं राखतो, आयुष्यात सायकलवर बसलेला नाही, पण गाडीबद्दल सल्ला त्याचा सगळ्यात आधी. आला, काठीवर हनुवटी टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "सुंदरराव, हिला थंडी वाजायलीय. मेंढरू असं थरथर करतंय ना, तसंच हाय बघा हे." अशा माणसांसमोर मी काय सांगू, की तुमच्या सचिवाच्या बायकोनं गाडीला पाणी पाजलं? हे अख्ख्या गावात डोळे झाकून गाडी जोडणारा माणूस म्हणून ओळखले जातात. त्यांचं तोंड पडलेलं मला बघवलं नसतं. म्हटलं, माणसं गेली की सांगू.

माणसं जातात का? ऊसतोडीला निम्मं गाव गेलेलं, मोटारसायकली घेऊन तरणी माणसं कारखान्याच्या फडावर, आणि मागं राहिलेल्यांना शेतात काम नाही. त्यांनी जायचं कुठं? चहा प्यायला घरी जायचे, पण पाळीपाळीनं.

आणि दुपारी संघाच्या सुपरवायझरचा फोन. मोठ्या आवाजावर ठेवलेला, सगळ्यांनी ऐकला. अगदी सभ्य माणूस, आवाज चढवत नाही, त्यामुळं जास्त भीती वाटते. म्हणाला, "सुंदरराव, आजचा खाडा धरलाय. लागोपाठ तीन खाडे झाले तर गाव यादीतून कमी होतं. नियम आहे, माझ्या हातात काही नाही."

तीन. बोटावर मोजून झालं सुद्धा.

आमच्या शेजारच्या भिवराबाईच्या हातातली दोरी मी तेव्हा बघितली. एकटी बाई, एक म्हैस. कापूस गेला, ज्वारी गेली, घर चालतंय ते त्या म्हशीच्या दुधावर. ती दोरीला नुसता पीळ देत उभी राहिली. आणि तरी, बघा बरं का, तरीसुद्धा मी काही बोलले नाही.

आता ऐका, माझ्यावर काय वेळ आली ते. ह्यांचं डोकं बॉनेटमध्ये, मग किल्ली कोण फिरवणार? मी. मला गाडी येत नाही, गाडीत बसलं तरी मी पदर दातात धरून बसते. पण म्हणाले, तू बस, मी "मार" म्हटलं की मारायची. आता गरम तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर काय होतं हे मला कुणी शिकवायला नको, वीस वर्षं भजी तळतेय मी. आणि इथं थेंब नाही, पाच लिटर. ते पाणी आहे हे साऱ्या गावात मला एकटीला माहीत, आणि किल्ली माझ्या हातात, आणि कुंकवाचा धनी बॉनेटमध्ये वाकलेला...

"मार."

मी डोळे मिटायची, कुलदैवताचं नाव घ्यायची आणि मारायची. घर्रर्र घर्रर्र घर्रर्र... फुस्स. धूर. मी एक डोळा उघडून बघायची, हे आहेत का. आहेत. "पुन्हा मार." पुन्हा डोळे मिटले. त्या दिवशी मी बावीस वेळा विधवा होता होता राहिले, मोजलंय मी.

ह्यांनी पहिल्यांदा फिल्टर खोलला. त्यातलं वाटीत काढलं, बघितलं, आणि सगळ्यांकडं पाठ करून लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं. म्हणाले, एअर धरलीय, नळीत हवा अडकलीय. मग बराच वेळ पंप मारून एअर काढली. मग इंजिन तापवायचे हीटर काढले, ते कापडानं पुसले, परत लावले. मग म्हणाले, बॅटरी. मला नवल वाटलं, फिल्टरमध्ये पाणी दिसलं नसेल का? पण मी बाईमाणूस, मला काय कळतंय त्यातलं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे बरंच वाटलं मला. आणि बरं वाटलं याची पुन्हा वेगळी भीती.

दुसरा दिवस. दुसरा खाडा. सगळं दूध जाग्यावर. कोणी दही लावलं, कोणी खवा आटवला, आमच्या किटलीतल्याचाही मी खवाच केला, पण खवा तरी माणूस किती खाणार? अंगणात नुसते गाडीचे भाग. चादरीवर ओळीनं मांडलेले, रुखवतासारखे. आता चाकं तेवढी जाग्यावर होती. धुळाजी म्हणाला, "कावून येवढं खोलायलाव राव? हे म्हंजी पोट दुखतंय आन् तुमी कान काढून बघायलाव." हे म्हणाले, तुला काही कळत नाही, गप ऱ्हा. आणि माझ्याकडं बघून पटकन मान फिरवली. मी तर आधीच फिरवली होती.

मग दुपार कलल्यावर भिवराबाई आली. म्हैस बरोबर. कपाळाला हळदकुंकू लावलेली म्हैस. मी म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, "उद्या तिसरा खाडा न्हाई का वैनी. गाव यादीतून गेल्यावर समदेच जनावरं घिऊन बाजारात उभे ऱ्हातील, मग कोण पुसतंय. आजच निघते वडवणीला, सकाळच्याला बाजार हाय." आणि म्हशीनं माझ्या हाताला नाक लावलं. गार नाक.

आता मात्र माझं तोंड उघडलं. मला वाटतं मी उघडलं नाही, ते आपोआपच उघडलं. एवढी माणसं, धुळाजी, भिवराबाई, म्हैस, सगळ्यांदेखत मी म्हटलं, "गाडीच्या टाकीत पाणी आहे. मी भरलं."

गाडीखालून आधी पाय आले, मग हे आले. तोंड काळं, त्यात डोळे तेवढे पांढरे. मला वाटलं आता संपलं.

हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी... टँकरचं पाणी. निळ्या डबड्यात मीच भरलं."

हे खाली बसले. चादरीवर, त्या भागांच्या मधोमध. आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ते डबडं टँकरपुढं नंबरात मीच ठेवलं होतं. तू भरलंस ते मला माहीतच नाही. मला वाटलं रांगेत कुणीतरी भरलं, म्हणजे चूक माझीच... काल फिल्टर खोलला तेव्हाच पाणी दिसलं मला."

"मग टाकी का नाही खोलली?"

"ही माणसं गेली की खोलणार होतो."

बघा. दोन दिवस तो माणूस माणसं जायची वाट बघत होता, मी माणसं जायची वाट बघत होते, आणि माणसं गाडी कधी सुरू होते त्याची वाट बघत बसली होती. धुळाजीनं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "म्हंजी दोन दिस म्या फुकटच डोकं चालवलं का?"

भिवराबाई तेवढी हसली नाही. म्हणाली, "सुंदरराव, हुईल का आज?" हे म्हणाले, "तू म्हैस बांध."

मग टाकीखालचा नट काढायचा, म्हणजे खाली भांडं पाहिजे. दहा लिटरचं तरी. मी घरात पळाले. हंडे भरलेले, घागरी भरलेल्या, कुकर, बादल्या, पोळ्यांचा डबा... सगळं पाण्यानं भरलेलं, आणि ते ओतून द्यायचं कुठं, जिवावर येतं हो, आठ दिवसांचं पाणी. हे बाहेरून ओरडतायत, "आण लवकर, नट सुटला!" निळं डबडं पुरायचं नाही, संघाच्या कॅनला हात लावायचा नाही, घरात एकच भांडं रिकामं होतं. खव्यासाठी रिकामी केलेली दुधाची किटली. मी ती दिली. ह्यांनी न बघता टाकीखाली सरकवली. आणि मी काही बोलले नाही.

पाणी निघालं, डिझेल निघालं, फिल्टर पुसला, एअर काढली, दुसऱ्या डबड्यातलं खरं डिझेल नाक लावून, चार जणांनी चार वेळा हुंगून, मगच ओतलं. चादरीवरचा रुखवत जागच्या जागी गेला. तीन नट उरले, बरणीत टाकले. मी स्टेअरिंगला बसले, डोळे मिटले, हे म्हणाले "मार," आणि गाडी अशी धडधडून सुरू झाली की मीच ओरडले. भिवराबाईनं म्हशीच्या कपाळाचं कुंकू पुसून काढलं.

दिवेलागणीला मी किटली घासायला बसले. राखेनं घासली, रिठ्यानं घासली, लिंबाचा पाला घालून घासली. पाणी किती वापरणार, मोजून तीन तांबे दिले तिला. मग आत तोंड घालून वास घेतला. आला का वास? मला वाटतं थोडासा... पण ओट्यावर हे दोन दिवसांनी पहिल्यांदा भाकरी मोडून खात होते, धुळाजीला टाकी कशी साफ करतात ते समजावून सांगत होते. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गाडी वडवणीला पोचली, गावाचं नाव यादीत राहिलं, चारही कॅन केंद्रानं घेतले, आणि डिझेलचा वास येतो म्हणून आमची किटली तेवढी परत पाठवली.