चार लिटरची सवय

शिळफाट्याला ऑक्सिजनच्या दुकानापुढं रांग होती. सुनिता सासूच्या दोन सिलिंडरपैकी रिकामा झालेला भरून घ्यायला आली होती. पुढच्या दोघांचं बोलणं कानावर पडतच होतं.

"भरायचाय का?"

"नाय काका, परत द्यायचाय. भरलेलाच हाय."

"म्हंजे पेशंट बरा झाला!"

"बाबा होते माझे. परवा गेले."

"अरेरे."

"दिल्लीला न्यायचं होतं, भावाकडं. विमानवाले म्हणाले, घरचा सिलिंडर चालणार नाय. आमचाच घ्यायचा, तोही मिनिटाला चारच लिटर."

"मग हेलिकॉप्टरचं बघायचं."

"बघितलं की. वाटेत मिल्ट्रीचं आभाळ लागतं म्हणे. आभाळाला पण कुंपण घातलंय."

"चार लिटर पुरत होता त्यांना?"

"सहा लागायचा."

"मग रं?"

"मग काय! फॉर्मवर चार लिहिलं आणि घरीच चारची सवय लावायला घेतली. हातानं खूण करायचे, वाढव म्हणून. मी म्हणायचो, बाबा, विमानात कोण वाढवून देणार हाय?"

"आणि परवानगी?"

"काल आली. चार लिटर मंजूर."

सुनितानं सिलिंडर तिथंच टेकवला, रांगेबाहेर येऊन घरी फोन लावला.

"रिया, आजीचा ऑक्सिजन मी दोनवर आणलाय बघ. तो परत पाचवर कर."

"अगं आई, तू येईपर्यंत दुसरा सिलिंडर संपू नये म्हणून तूच कमी केलास ना?"

"पाचवर कर म्हणते ना! आणि फोन ठेवू नको. केलास की सांग."