नऊ फूट आणि चढतंच

झिरपतंय? तुमच्या छतातून? — अगं बाई, वॉशिंग मशीनचा पाइप निसटला असणार, थांबा, नळ बंद करते... झालं. या ना नजमाताई, आत या, दारात नका उभ्या राहू. घरातच होते हो मी, पण पाणी वाहतंय ते ऐकूच आलं नाही. फोन हातातच राहू दे माझ्या, राग मानू नका. नदी बघतेय. हो, नदी — आपल्या दोह्यात कुठली आलीय नदी, बरोबर आहे तुमचं. अमेरिकेतली. आमचा अमेय असतो ना ऑरेगनला, त्याच्या घराजवळची. सरकारनं पाणी मोजायचं यंत्र बसवलंय तिथं, पुलाखाली, त्याचा आकडा इथं अझीझियात बसून दिसतो — किती फूट पाणी, चढतंय की उतरतंय. मासे धरायला जातो तो. स्टीलहेड म्हणतात. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, हिवाळ्यात परत नदीत वर चढतो. तुम्ही श्रीवर्धनच्या, तुम्हाला हसू येईल, आम्ही नाशिकचे, अंडंसुद्धा न खाणारे — आणि तो मासा धरतो नि सोडून देतो! खात नाही. मग कशाला धरायचा? मीही हेच विचारलं होतं.

हे आकडे त्यानंच शिकवले मला. अंतरा गेल्यावर — सून हो, वेगळी झाली, उन्हाळ्यात — फोनवर बोलायचाच नाही फारसा. कसा आहेस, फाइन. जेवलास का, येस. आणि नदीचं विचारलं की अर्धा अर्धा तास! "आई, पाऊस थांबला की दोन दिवस थांबायचं, ग्राफ खाली यायला लागला, पाणी जरा हिरवट झालं, की जायचं. पाच फुटांच्या आसपास बेस्ट. चढतं पाणी असलं तर नेव्हर." मग मी रोज बघायला लागले. कुकर लावायच्या आधी नदी. गुरुवारी मी कळवायचं, जा किंवा नको, आणि तो ऐकायचा हो! लहानपणी स्वेटर घाल म्हटलं तर ऐकला नाही कधी.

काल नको म्हटलं होतं. नऊ फूट आणि चढतंच, मातकट पाणी, ओंडके वाहत येतात असल्या पाण्यात. नको जाऊस, असं स्पष्ट लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला. नुसता अंगठा. आणि आज पहाटे अभिजित ड्यूटीला गेले, मी सहज त्याचं लोकेशन बघितलं — ते चालूच असतं, अंतरा गेल्यापासून मीच चालू करायला लावलं त्याला, म्हणजे सहजच — तर गाडी पुलापाशी. हलत नाही. फोन उचलत नाही. तिथं आता संध्याकाळ, अंधार पडला असेल. त्याच्या बाबांना कळवू कसं, प्लँटमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करतात. सुपरवायझरकडे निरोप ठेवलाय. हो, तिथल्या पोलिसांनाही फोन केला, माझं ते इंग्लिश — बाई चांगली होती, गाडी पाठवते म्हणाली, पण रस्त्यात झाडं पडलीत, वेळ लागेल.

रेंज नसेल? हो, मीही तेच म्हणते. मासे लागत असतील, भान नसेल. नऊ फूट असलं तरी एखादा कोपरा शांत असतो ना नदीला? तुम्ही किनाऱ्यावरच्या, तुम्हाला ठाऊक — असतो ना?

नाही, नसतो. मला माहितेय. त्यानंच सांगितलंय, एवढ्या पाण्यात कुणी माशांसाठी जात नाही. कुणीच नाही, नजमाताई. आणि त्याच्या खाली राहणारा अमान, हैदराबादचा, त्याच्याकडे किल्ली असते, मी म्हटलं बेटा जरा वर जाऊन बघ. गेला बिचारा. म्हणाला, "आंटी, रॉड तो यहीं है। जूते भी।" ते छातीपर्यंतचे रबरी बूट असतात ना, ते. भिंतीला टेकवून ठेवलेत. मग तो नदीवर काय करायला —

नका हो हात धरू. हात धरलात की मला ते खरं वाटायला लागतं. सव्वानऊ फूट झालं बघा पाणी. मी रोज म्हणायचे, आकडा काय आहे. तू कसा आहेस, हे विचारलंच नाही हो नंतर. त्याला आवडत नाही म्हणून. आकडाच विचारत बसले —

वाजला. त्याचाच. हॅलो? अमेय? ... हो. हो बाळा, मीच. ... नाही रे, रागावले नाही. गाडीत आहेस ना? ... आत आहेस ना? ... रड. बोलू नकोस काही, रड. मी आहे. ... कोण काच ठोकतंय? बॅटरी आहे हातात? पोलीस आहे तो, मीच पाठवलाय. उघड दार, राजा. ... नको कसं, उघड. फोन कापू नकोस, तसाच कानाला राहू दे. माझ्यासाठी उघड. ... उघडलंस? त्याला म्हण, माय मदर इज ऑन द फोन. म्हण. ... शाबास.

नजमाताई, तुम्ही जा आता. नाही, काही नको मला, पाणीबिणी नको. जा ना. दार ओढून घ्या.